इंजिनाचा रकाना: पर्यायी ब्राउझर प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आजपासून क्रोमला सुट्टी. मुदत दोन महिने, नियम दोन. प्रत्येक ब्राउझर किमान तीन दिवस मुख्य म्हणून वापरायचा. 'जरा उघडून पाहिला' याला वापर म्हणायचं नाही. आणि ओळखीतल्या दहा जणांना दुसऱ्या ब्राउझरवर आणून बघायचं. दुसरा नियम लिहिताना छाती जरा फुगली होती, तेही नोंदवून ठेवतो.

वहीत रकाने आखले: नाव, बनवणारे कोण, पैसे कुठून येतात, मराठी कसं दिसतं, काय अडलं.

७ जुलै

सामान बांधण्याचा दिवस. क्रोममधले बुकमार्क बाहेर काढले, एक एचटीएमएल फाइल मिळाली. उगाच टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिली तर पहिल्याच ओळीत 'नेटस्केप-बुकमार्क-फाइल-१'. फाइल क्रोमची आणि कपाळावर नाव नेटस्केपचं! नेटस्केप नॅव्हिगेटर हा जुना ब्राउझर आला १९९४ मध्ये आणि १ मार्च २००८ ला त्याचा आधार कायमचा थांबला. फायरफॉक्समधून काढून पाहिली, विवाल्डीतून पाहिली, तिथेही तीच ओळ. घर बदलताना आजही सगळे त्या दिवंगत म्हाताऱ्याच्याच ट्रंकेतून सामान नेतात.

पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये निघाले. साध्या अक्षरांत, एकाखाली एक, वाचता येतील असे. काढण्याआधी ब्राउझर बजावतो, आपण 'ठीक आहे' म्हणून पुढे जातो.

९ जुलै

यादीतले नऊ ब्राउझर लॅपटॉपवर घेतले: फायरफॉक्स, लिब्रवुल्फ, झेन, विवाल्डी, ब्रेव्ह, ऑपेरा, एज, फाल्कन, ग्नोम वेब. नऊ चिन्हं रांगेत पाहून बरं वाटलं. मग प्रत्येकाच्या माहितीच्या पानावर जाऊन आत काय आहे ते बघत गेलो आणि वहीत सहावा रकाना आखावा लागला: इंजिन, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर उभं करणारा आतला भाग.

विवाल्डी, ब्रेव्ह, ऑपेरा, एज, फाल्कन या पाचांत ब्लिंक, म्हणजे जे क्रोममध्ये आहे तेच. फायरफॉक्स, लिब्रवुल्फ, झेन या तिघांत गेको. ग्नोम वेबमध्ये वेबकिट. नावं नऊ, इंजिनं तीन.

त्यातही ब्लिंक आणि वेबकिट एकाच घराण्यातले. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या केडीई मंडळींनी कॉन्करर या आपल्या ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं. २००१ मध्ये ॲपलने ते घेऊन वेबकिट केलं आणि २००३ च्या जानेवारीत सफारी जाहीर केला. २००८ मध्ये गूगलने वेबकिटवर क्रोम उभा केला आणि २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो हे इंजिन सोडून क्रोमच्या पंगतीला पान मांडलं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या इंजिनावरचा एज २०१५ मध्ये आणला आणि जानेवारी २०२० मध्ये तोही ब्लिंकवर आणून ठेवला. केएचटीएमएलला मात्र खुद्द केडीईने २०२३ मध्ये निरोप दिला. आजोबा गेले, नातवाने सगळं गाव घेतलं.

गाडीचा रंग आणि सीटकव्हर बदलून आपण 'नवी गाडी घेतली' म्हणत होतो, असं आज वाटलं. सीटकव्हर फालतू नसतं, रोज बसायचं त्यावरच असतं. तरी.

१३ जुलै, रविवार

विवाल्डीचे तीन दिवस संपले आणि सोडवत नाही. एकावर एक टॅब रचून गठ्ठा करता येतो, दोन पानं शेजारी शेजारी लावता येतात, मेल आतच आहे. ज्याच्याकडे ब्याऐंशी टॅब उघडे असतात (माझ्याकडे होते, मोजले) त्याला हे माहेर वाटेल. ऑपेराच्या संस्थापकांपैकी योन फॉन टेट्झ्नर यांनी पुढे हा बनवला, पहिली आवृत्ती २०१६ ची. जुन्या ऑपेराचा हात ओळखू येतो. इंजिनाच्या रकान्यात मात्र ब्लिंक.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. डिसेंबर २०१९ पासून विवाल्डी बहुतेक साइट्सना स्वतःचं नावच सांगत नाही, 'मी क्रोम' म्हणतो. नाव सांगितलं की साइट्स अडवायच्या आणि क्रोम म्हटलं की तेच पान सुरळीत उघडायचं. वेषांतर करून फिरणारा ब्राउझर! याचा मलाही लवकरच अनुभव येणार होता, पण त्या दिवशी नुसतं हसू आलं.

(शेवटचं वाक्य ऑगस्टमध्ये जोडलं आहे.)

१६ जुलै

मराठीची चाचणी. एक पान तयार केलं आणि त्यात जाणूनबुजून अडचणीचे शब्द घातले: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'ज्ञानेश्वर', 'शृंगार', 'हृदय', 'उद्ध्वस्त'. 'दुसऱ्या'तला तो तुटका ऱ दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, आतून वेगळे. दोन्ही घातले.

तिन्ही इंजिनांत एकही अक्षर तुटलं नाही. आनंद झाला, मग कारण कळल्यावर जरा गंमत वाटली. लिनक्सवर अक्षरं जुळवण्याचं काम तिन्ही इंजिनं हार्फबझ नावाच्या एकाच लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) करून घेतात. म्हणजे इथेही स्वयंपाकी एकच. पण इथे मला ते खटकलं नाही. हार्फबझ खुली आहे, कुणा एकाच्या दारात बांधलेली नाही, आणि तिच्यामुळे देवनागरीचं दुखणं तीनदा सोसावं लागत नाही. सगळीकडे वेगळेपण हवंच असा हट्ट धरू नये हे मी मलाच सांगून ठेवलं.

मग लिंक्स, म्हणजे टर्मिनलमध्ये (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) चालणारा, १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला, चित्रबित्र न दाखवणारा ब्राउझर. त्याच्या वेगाला तोड नाही. पण माझ्या टर्मिनलमध्ये ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरं पाय मोडून पडली. दोष टर्मिनलचा, लिंक्सचा नाही. वाचन मात्र तिथेच आटोपलं.

दुव्यांचं तर कायमचंच. पत्त्याच्या पट्टीत 'मराठी' असं सुंदर दिसतं, कॉपी करून कुणाला पाठवलं की टक्केचिन्हांची आगगाडी निघते. हिशेब मांडला: 'मराठी'मध्ये संगणकाच्या लेखी पाच चिन्हं (काना आणि वेलांटी धरून), प्रत्येकी तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्यासकट तीन अक्षरं. पाचाचे पंचेचाळीस. फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगांत 'डीकोड यूआरएल्स ऑन कॉपी' नावाची एक कळ आहे, ती चालू केली की दुवा देवनागरीतच कॉपी होतो. मूळची ती बंद असते. गेली कित्येक वर्षं मी ती आगगाडी लोकांना पाठवत होतो.

१९ जुलै

माझा गाढवपणा. ७ तारखेची पासवर्डांची सीएसव्ही फाइल डाउनलोड्समध्येच पडून होती. ते फोल्डर आपोआप क्लाउडवर चढतं. बारा दिवस माझे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत तिथे विराजमान. फाइल पुसली, क्लाउडची कचरापेटीही रिकामी केली आणि संध्याकाळ महत्त्वाचे पासवर्ड बदलण्यात गेली. यापुढे दुसऱ्याचं सामान हलवताना फाइल आत घेतली की त्याच मिनिटाला, उठायच्या आधी, पुसायची.

पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या कुलपाने लॉग-इन करायची सोय) ज्यांनी केल्यात त्यांचं आणखी वेगळं. त्या या फाइलमध्ये येतच नाहीत, नव्या ठिकाणी पुन्हा नोंदवाव्या लागतात.

२० जुलै, रविवार

प्रचाराचा पहिला दिवस, आणि साफ पडलो.

काकांकडे सगळे जमले होते. मी चहा व्हायच्या आत सुरू झालो: मक्तेदारी, पाळत, इंजिनं, केएचटीएमएलपासूनची वंशावळ. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझं सगळं बरोबर असेल. पण माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? पेन्शन आणि क्रिकेट." ताई म्हणाली, "माझं सगळं सेव्ह आहे रे त्याच्यात. हात लावू नकोस." विषय संपला.

रात्री विचार करत बसलो. फायरफॉक्सची १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ला आली आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात झळकली, हजारो वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेली. पण लोक काय जाहिरात वाचून आले? तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये खिडक्यांवर खिडक्या उसळायच्या, टॅब नव्हते. फायरफॉक्सने खिडक्या थांबवल्या आणि टॅब दिले. दुखतं तिथे मलम लागलं. मी मलम सोडून शरीरशास्त्र शिकवत होतो.

२७ जुलै

मावशीचा फोन. "अरे, त्या बातम्यांच्या पानावर काही वाचताच येत नाही. वाचायला जावं तर वरून काहीतरी सरकतं, आणि चुकून बोट लागलं की भलतंच उघडतं."

गेलो. मक्तेदारीचा म सुद्धा काढला नाही. तिच्या अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स टाकला, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. फोनवरच्या फायरफॉक्सला डिसेंबर २०२३ पासून एक्स्टेन्शनांचं (ब्राउझरला जोडायच्या असल्या छोट्या प्रोग्रामांचं) दार सताड उघडं आहे. फोनवरच्या क्रोममध्ये ही सोयच नाही. संगणकावरच्या क्रोमने एक्स्टेन्शनांची पद्धत बदलल्यापासून तिथे मूळ यूब्लॉक ओरिजिनही चालत नाही, त्याचा हलका भाऊ चालतो.

बातमी उघडली. पत्त्याशेजारचं पानाचं चिन्ह दाबलं, वाचनदृश्य आलं: नुसता मजकूर, मोठा टाइप, फिकट पिवळी पार्श्वभूमी. मावशीने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन जरा लांब धरला. एक परिच्छेद मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "हे आधी का नाही दिलंस?"

दहातली पहिली. वेळ लागला अकरा मिनिटं, त्यातली सात तिचा पासवर्ड आठवण्यात.

२ ऑगस्ट

भाचा: "मामा, मी तर चार ब्राउझर वापरतो. बघ." फोन आयफोन. फायरफॉक्स, ब्रेव्ह, क्रोम, एज. चारही वेबकिट. आयफोनवर ब्राउझर कुणाचाही असो, आत ॲपलचंच इंजिन लागतं. मार्च २०२४ पासून युरोपीय संघात मात्र मोकळीक आहे. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा माझ्या ९ जुलैच्या चेहऱ्यासारखा झाला. वंशपरंपरा.

९ ऑगस्ट

आठवडा आडवाटेच्या ब्राउझरांना दिला. हा आठवडा प्रचाराच्या काही कामाचा नाही, निव्वळ माझ्या हौसेचा.

डिलो: जावास्क्रिप्ट (पानं हलती-बोलती करणारी भाषा) अजिबात नाही, त्यामुळे निम्म्या साइट्स कोऱ्या. ज्या उघडतात त्या मात्र अशा उघडतात की बोट उचलायच्या आत पान हजर. २०१५ नंतर नऊ वर्षं नवी आवृत्ती नव्हती, मग मे २०२४ मध्ये ३.१.० आली. कुणीतरी पुन्हा दिवा लावला. असल्या प्रकल्पांना मरण आलं तरी ते कायमचं नसतं.

सर्वो: रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं इंजिन, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१२ च्या सुमारास हाती घेतलं. त्यातला पानाची शैली लावणारा भाग २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये गेला आणि फायरफॉक्स एकदम चपळ झाला. ऑगस्ट २०२० च्या कपातीत मोझिलाने सर्वोची टीमच काढली. प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि २०२३ पासून पुन्हा जोरात चालू आहे. रोजची चाचणी-आवृत्ती उतरवून माझं अडचणीच्या शब्दांचं पान उघडलं. पुढे फार काही करायला हा अजून रोजचा ब्राउझर नाही, तसा दावाही कुणी करत नाही.

लेडीबर्ड: हा तयार प्रोग्राम म्हणून मिळत नाही, मूळ कोड घेऊन स्वतःच बांधायचा. लावून जेवायला गेलो, परत आलो, पंखा अजून घोंघावत होता. आंद्रेयास क्लिंग आधी ॲपलमध्ये वेबकिटवर काम करत. सेरेनिटीओएस ही त्यांची हौसेची ऑपरेटिंग सिस्टिम, लेडीबर्ड त्यातूनच निघाला. जुलै २०२४ पासून त्यामागे ना-नफा संस्था आहे. पहिली अल्फा (कच्ची चाचणी-आवृत्ती) २०२६ मध्ये काढायचं ठरलंय. कुणाच्या इंजिनाचा वारसा नाही, पहिल्या ओळीपासून नवं. खिडकी उघडली, एक साधं पान आलं, मी एकटाच खोलीत 'आलं!' म्हणालो. इंजिनाच्या रकान्यात नवा शब्द लिहायला मिळाला, याचा आनंद बाहेरच्या माणसाला समजावता येणार नाही.

१४ ऑगस्ट

एक नूतनीकरणाचा अर्ज भरायचा होता. फायरफॉक्समध्ये उघडला. आख्ख्या पानावर एकच ओळ: 'कृपया ही सेवा फक्त क्रोममध्ये उघडा.' खाली ना बटण, ना पर्याय.

एक एक्स्टेन्शन घेतलं, ब्राउझरची ओळखपट्टी (साइटला आपलं नाव सांगणारी ओळ) बदलली, क्रोम म्हणून आत गेलो. अर्ज उघडला. नाव, पत्ता, फोटो, सही, पैसे, पावती: सगळं सुरळीत. एकही बटण अडलं नाही. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच, दारावरच्या यादीची होती.

ही ओळखपट्टी एकदा नीट वाचावी, अख्खा इतिहास आहे तिच्यात. क्रोमची पट्टी सुरू होते 'मोझिला/५.०' ने. मग ॲपलवेबकिट, मग 'केएचटीएमएल, लाइक गेको', मग क्रोम आणि शेवटी सफारी. मोझिला हे नेटस्केपचं घरातलं नाव. तेव्हा काही सर्व्हर 'मोझिला' दिसला तरच फ्रेम असलेलं चांगलं पान द्यायचे, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. पुढे प्रत्येक नव्याने आधीच्याचं नाव लावलं. तीस वर्षं सगळे एकमेकांच्या नावाने आत शिरताहेत आणि दारावरची माणसं अजून नावच विचारताहेत.

फायरफॉक्समध्ये 'अबाउट:कॉम्पॅट' टाइप केलं तर अशा साइट्सची यादी दिसते, जिथे फायरफॉक्सला स्वतःहून वेषांतर नाहीतर डागडुजी करावी लागते. लांबलचक आहे.

सेवेच्या मदत-पत्त्यावर पत्र लिहिलं. चिडून नाही, चित्रांसकट, कोणतं पान, कोणती आवृत्ती, ओळखपट्टी बदलल्यावर सगळं कसं चाललं. फायरफॉक्सच्या मेनूतून 'साइट मोडली आहे' अशी तक्रारही पाठवली. प्रचाराचं खरं काम हेच असावं अशी शंका येते आहे. मावशीला फायरफॉक्स देऊन काय उपयोग, जर पुढच्या दारावर तिला हाकललं?

२४ ऑगस्ट

ऑफिसातल्या मैत्रिणीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "तू फायरफॉक्स, फायरफॉक्स करतोस. त्यांना पैसे कोण देतं?"

गूगल. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलला मूळ (म्हणजे आधीपासूनच लावलेलं) शोधयंत्र ठेवण्याच्या कराराचं आहे. आणि फेब्रुवारीत त्यांनी वापराच्या अटी आणल्या, 'आम्ही तुमचा डेटा विकत नाही' हे सरळ वाक्य प्रश्नोत्तरांतून काढलं, गदारोळ झाला, अटींची भाषा बदलावी लागली. हे सगळं तिला सांगितलं. लपवलं असतं तर पुढच्या आठवड्यात तिनेच वाचून दाखवलं असतं.

ती म्हणाली, "मग?"

मी म्हटलं, "मग काय, गेको गेलं तर लिनक्सवर आणि विंडोजवर चालणारं, क्रोमच्या घराण्याबाहेरचं, रोज वापरता येईल असं एकही उरत नाही. म्हणून."

तिने लिब्रवुल्फ घेतला. फायरफॉक्सचंच इंजिन, खबरी पाठवण्याचे सगळे नळ बंद केलेले. दोन दिवसांनी आली, कारण त्यात बंद करताना कुकी (लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) पुसल्या जातात आणि तिला रोज सगळीकडे नव्याने लॉग-इन करावं लागत होतं. साइटगणिक सूट द्यायला शिकवलं. टिकली.

३ सप्टेंबर

काल अमेरिकेत गूगलच्या शोधातल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांचा उपाययोजनेचा निकाल आला. गूगलला क्रोम विकावा लागणार नाही. एकट्यानेच मूळ शोधयंत्र राहण्याचे करार बंद, पण जागेसाठी पैसे देता येतील. मोझिलाच्या वित्त अधिकाऱ्याने मे महिन्यात त्याच न्यायालयात सांगितलं होतं की हे पैसे थांबले तर फायरफॉक्सच्या जिवावर बेतेल. तेव्हा फायरफॉक्स वाचला तो गूगलवरची कारवाई सौम्य झाली म्हणून! २ सप्टेंबर हा क्रोमचा वाढदिवसही, २००८ चा.

७ सप्टेंबर

मुदत संपली. दहापैकी चार टिकले. मावशी, मैत्रीण, भाचा लॅपटॉपवर, आणि, हे मी कधीच धरलं नव्हतं, काका. त्यांना क्रिकेटच्या पानावरचा आपोआप सुरू होणारा व्हिडिओ बंद करून दिला, बस. ताई नाही. तिचं सामान मी हलवणारही नाही, १९ जुलै आठवतो.

माझ्याकडे फायरफॉक्स मुख्य, शेजारी विवाल्डी. क्रोम काढला नाही, चाचणीला लागतो.

२२ सप्टेंबर

वही बंद केली होती, पण आज सेवेकडून उत्तर आलं. 'आपल्या सूचनेची दखल घेऊन आता इतर ब्राउझरनाही परवानगी देण्यात आली आहे.' खाली यादी: एज, ऑपेरा, ब्रेव्ह.

ब्रेव्हची ओळखपट्टी क्रोमसारखीच असते, तो आधीपासूनच आत जात होता. बाकी दोघांच्या पोटातही ब्लिंक. फायरफॉक्समध्ये पान उघडलं, तीच ओळ, फक्त क्रोमपुढे आणखी तीन नावं.

वहीतला इंजिनाचा रकाना दिसेल असा फोटो काढला. तो जोडून दुसरं पत्र पाठवलं.